खोक्यामागची जाळी

तिला धुकेबाई हे नाव दिलं हॉटेलच्या आचाऱ्याने. तो एकदा सकाळीच अळंबी न्यायला आला, दार ढकललं, तर आतून पांढरं धुकं घरंगळत त्याच्या चपलांवर आलं. त्या धुक्यातून आधी दोन पाय दिसले, मग टोपली, मग बाह्या वर सारलेली एक बाई.

"अहो, तुम्ही राहता कुठं? ढगात?"

"ढगात जागा स्वस्त मिळते," ती म्हणाली. "टोपली धरा."

नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती खोली पूर्वी एका छापखान्याची होती, कागदाचे गठ्ठे ठेवायची. ओल म्हणजे कागदाची जन्माची वैरीण, आणि धुकेबाईला नेमकी तीच हवी होती. नवरा गेल्यावर, सासूला आणि स्वतःला जगवायचं म्हणून, तिने ती बिनखिडकीची खोली भाड्याने घेतली. भिंतींना प्लास्टिक ठोकलं, लोखंडी मांडण्या आणल्या, भाताच्या भिजवलेल्या काडाने गच्च भरलेल्या पिशव्या त्यांवर ओळीने लावल्या. पिशव्यांच्या भोकांमधून धिंगरी अळंबी बाहेर यायची, एकावर एक चढलेल्या कानांसारखी, जणू सगळी खोली काहीतरी ऐकते आहे. छताशी धुक्याचे फवारे होते. ओल मोजायचा काटाही भिंतीवर होता, पण तो आपण पाहुण्यांसाठी ठेवलाय असं ती म्हणायची. तिचा खरा काटा म्हणजे खोलीचं लाकडी दार. दार ओलीने फुगून चौकटीला धरायला लागलं की फवारे बंद. हलकं सुटलं की चालू.

"अळंबीला पाणी दाखवायचं, पाजायचं नाही," ती सांगायची. "पाजलं की पिवळी पडते आणि हाताला चिकटते."

हवेचं मात्र वेगळं होतं. ओल दिसते, हाताला लागते, भिंतीवरून ओघळते. हवा दिसत नाही. अळंबी माणसासारखाच श्वास टाकते, आणि बंद खोलीत तो टाकलेला श्वास जड होऊन जमिनीशी साचतो. त्यात अडकलेली अळंबी ताजी हवा शोधत मान लांबवत राहते, छत्री उघडायची विसरते, नुसता देठ होऊन बसते. म्हणून वर छताशी बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा होता, आणि खाली, मागच्या भिंतीत, जमिनीला टेकून एक जाळी होती. छापखानेवाल्यांनी ती गठ्ठ्यांखाली वारा खेळावा म्हणून ठेवलेली. वरून ताजं आत, खालून शिळं बाहेर. जाळीला धुकेबाईने एक लाल दोरा बांधला होता. दोरा गल्लीकडे झुकला असेल तर खोली श्वास घेते आहे, नुसता लोंबत असेल तर नाही.

गल्लीतल्या घुशी आत शिरू नयेत म्हणून संध्याकाळी निघताना ती जाळीपुढे एक लाकडी खोका सरकवायची. सकाळी आल्याबरोबर तोच खोका पायाने अलीकडे ओढायची, चप्पल काढावी इतक्या सहज. मग सासू येऊन त्या खोक्यावर बसायची आणि अळंबीचे बुडखे कापत दिवस घालवायची. हे शिकवण्यासारखं काही आहे असं धुकेबाईच्या कधी मनातच आलं नाही.

त्यामुळे वन्सं ते शिकल्या नाहीत.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. स्वतःचा संसार सोडून एक दिवस त्या पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. काय झालं, कुणाचं चुकलं, हे धुकेबाईने विचारलं नाही. जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सोबत खोलीवर नेलं. काड किती भिजवायचं, बियाणं कसं पसरायचं, दार कसं ऐकायचं, सगळं हातचं न राखता सांगितलं. वन्सं हुशार होत्या, एकदा पाहिलेलं विसरत नसत. पण त्यांना सकाळी यायला उशीर व्हायचा आणि संध्याकाळी निघायची घाई असायची. खोका त्यांनी पाहिला तो रोज आईच्या बुडाखालीच. त्यांच्या लेखी ती आईची बसायची जागा होती. तिच्या पाठीमागच्या काळोखात वाकून बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

मग एका सकाळी वन्सं आईला घेऊन आधीच खोलीवर गेल्या, आणि मागून आलेल्या धुकेबाईची किल्ली कुलपात शिरेना. तिने फिरवून पाहिली, पुसून पाहिली, उलटी घालून पाहिली. किल्ली नुसती वाजत राहिली. शेवटी दार आतून उघडलं.

"वन्सं, कुलूप बदललंत?"

"खोली बदलली, वहिनी. म्हणजे खोली तीच, नाव बदललं. मालकांशी बोलणं झालंय माझं."

"आणि पिशव्या? आत्ता कुठं फुटायला आल्यात."

"पिशव्यांवर नाव असतं का कुणाचं?" वन्सं हसल्या. हसू अगदी घरातलं होतं, भाजी निवडताना हसावं तसं. "तू दमली होतीस ना? म्हणायचीस ना सारखी, दमले बाई, दमले? घे आता विश्रांती."

धुकेबाईने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. सासू खोक्यावर बसली होती, पाठ भिंतीला टेकवून, हातात सुरी.

"आई, चला घरी."

सासूने मान वर केली नाही. "मी इथंच बसते," ती म्हणाली.

"ऐकलंस?" वन्सं म्हणाल्या. "आई माझी आहे, वहिनी. माझ्याकडेच राहील." आणि दार लावलं. ते चौकटीला धरत होतं. फवारे कधीच बंद करायला हवे होते.

घरी येऊन ती भिंतीकडे बघत बसली. खोली गेली, मांडण्या गेल्या, हाताशी आलेलं पीक गेलं, आचाऱ्यासकट सगळं गिऱ्हाईक गेलं. पण घशात अडकला होता तो एकच घास: मी इथंच बसते. सख्ख्या मुलीसारखं केलं होतं तिने सासूचं. अंगठ्याचं नख आत वळलं तर स्वतः बसून कापून दिलं होतं. आणि म्हातारीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. केसाने गळा कापला होता, आणि तोही मायलेकींनी मिळून.

दुपार टळली तशी तिला ते चित्र पुन्हा दिसलं. सासू. खोका. भिंतीला टेकलेली पाठ.

पाठ भिंतीला टेकली होती. म्हणजे खोका कुणी ओढलाच नव्हता.

ती एकटीच हसली. त्या दिवसातलं ते पहिलं हसू, आणि ते चांगलं नव्हतं. जाळी बंद. पंखा फिरेल, हवा फिरणार नाही. आणि हे सांगू शकेल अशी माणसं दोनच. एक आपण. दुसरी म्हातारी, पण तिचं आता लक्ष कुठे, लेकीच्या राज्यात बसली आहे. "बसा म्हणावं," ती रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली. "दोघी बसा खुशाल."

आपण ओठ शिवायचे, एवढंच काम होतं. सुडासाठी याहून सोपं काम कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

तिने स्वतःची झोपायची खोली रिकामी केली आणि अंथरूण स्वयंपाकघरात आणलं. पलंग मोडून मांडणी केली. सगळ्यात आधी छिन्नी घेऊन भिंतीच्या तळाशी भोक पाडलं, त्याला जाळी बसवली, जाळीला दोरा बांधला. दोरा बाहेर झुकला तेव्हा तिला वाटलं, त्या दुसऱ्या दोऱ्याची मान आता खाली पडली असेल. पिशव्या थोड्या होत्या, पीक थोडं यायचं, घरभर भिजल्या काडाचा वास असायचा. कपाटातले कपडे दमट, मिठाची बरणी दमट, काडेपेटीची काडी ओढली तर नुसता गुल निघून यायचा. ती काही बोलायची नाही. तिला वाट बघायची होती.

वाट फार बघावी लागली नाही. आचारी एका सकाळी कागदात काहीतरी गुंडाळून आला.

"बाई, ही अळंबी आहे की बगळा, ते तेवढं सांगा."

तिने कागद उलगडला. बोटाएवढे लांब, पांढरट देठ, टोकाला शर्टाच्या गुंडीएवढी छत्री. तिने एक देठ उचलून उजेडात धरला. काय काय लिहिलं होतं त्यावर! खालच्या मांडणीवरचा आहे हा. फवारे दिवसभर चालू असणार, खोलीत शिरलं की कपाळावर ओल्या फडक्यासारखं काहीतरी बसत असणार. पिशव्यांची तोंडं उघडी, आणि एकेक जीव अंधारात मान ताणतो आहे, अजून थोडं, अजून थोडं वर, हवा असेल तर तिथे असेल.

"बगळाच आहे," ती म्हणाली.

"त्यांना विचारलं तर म्हणतात, नवीन जात आहे. मी म्हटलं, बाई, ही जात ताटात घातली तर गिऱ्हाईक मला जातीनिशी बाहेर काढेल. तुमच्याकडे किती निघेल?"

"थोडी निघेल."

"थोडी तर थोडी. छत्रीवाली द्या म्हणजे झालं."

तो गेल्यावर तिने तो बगळा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. रोज भांडी घासताना त्याच्याकडे बघायची. सुकत सुकत तो दोऱ्याएवढा झाला तरी तिने टाकला नाही.

मग वन्सं स्वतः आल्या. डोळ्यांखाली काळं, केसांना काडाचे तुकडे. पाणी प्यायल्या, घर बघितलं, झोपायच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

"बरं चाललंय तुझं, वहिनी."

"चाललंय."

"माझंही चाललंय." त्यांनी पेला पुन्हा हातात घेतला. "देठ थोडे वाढतात, एवढंच. तुझ्या वेळी वाढायचे का कधी?"

"आठवत नाही."

"छत्र्यांवर पिवळे डागही येतात. आणि छत्र्यांखालून ते पांढरं पीठ उडत राहतं, आईला खोकला धरलाय त्याने." वन्सं पेल्याच्या काठावरून बोट फिरवत होत्या. "तू काय केलं असतंस?"

हीच ती वेळ. काही न बोलता बसून राहिली असती तरी पुरलं असतं. पण किल्ली वाजत राहिली होती त्या सकाळचा आवाज तिच्या कानात उठला, आणि ओठ शिवायचे ठरवलेलं तोंड आपोआप उघडलं.

"धुकं कमी पडत असेल," ती शांतपणे म्हणाली. "वाढवा."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, चपला घातल्या, आणि जाताना, पहिल्यांदाच, म्हणाल्या, "उपकार झाले गं."

त्या दिवशी धुकेबाईने खिडकीतला बगळा उचलून उगाच दोनदा जागा बदलून ठेवला. मनासारखं झालं होतं. 'आईला खोकला धरलाय' हे शब्द तिने ऐकले होते, नाही असं नाही. ऐकून बाजूला ठेवले होते, एवढंच. खोकेना का. तिने जागा निवडली होती आपली.

पण आचारी पुन्हा आला आणि त्याला गप्प बसता येत नव्हतं. "तुमच्या सासूबाई फार खोकतात हो. बाहेर गल्लीत ऐकू येतं. मी म्हटलं, आजी, जरा बाहेर येऊन बसा, वारा घ्या. तर म्हणाल्या, तुझं काम कर. त्या खोक्यावरून हलत नाहीत बघा. जेवणसुद्धा तिथंच."

"जेवण तिथंच?"

"तिथंच. लेक म्हणते खुर्ची देते, तर खुर्ची नको म्हणे. खोकाच पाहिजे."

धुकेबाईच्या हातातली टोपली तशीच राहिली. सासूला त्या खोक्याचा किती तिटकारा होता! कडा रुततात म्हणून रोज कुरकुरायची. खुर्ची मिळाली असती तर तिने खोक्याने चूल पेटवली असती.

वन्सं बाजारात गेल्याची वेळ बघून ती खोलीवर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, पण इतकं फुगलं होतं की खांदा लावावा लागला. आत धुकं नव्हतंच ते, भिंत होती. वर पंखा गरगरत होता आणि धुक्याचा पदर एवढासुद्धा हलत नव्हता. मांडण्यांवरून बगळ्यांचे थवेच्या थवे माना काढून उभे होते. ज्या दृश्यासाठी ती इतके दिवस जगली ते डोळ्यांपुढे होतं, आणि तिला ते नीट बघताच येईना, कारण त्याच्या मागून खोकला येत होता. ओला, लांबलचक, तळापासून येणारा.

"कोण आहे?" सासूने विचारलं.

"मी."

"दार लाव. धुकं जाईल बाहेर."

धुकेबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. म्हातारीचे केस कपाळाला चिकटले होते. पाठ भिंतीला टेकलेली. टेकलेली कसली, दाबून धरलेली.

"आई, तुम्हाला जाळी माहीत आहे."

"म्हातारी झाले म्हणून काय विसरेन? रोज तुझ्या पायाने खोका ओढलेला बघत होते मी."

"मग?"

सासू खोकली. खोकला संपेपर्यंत तिने एक बोट वर धरून ठेवलं होतं, थांब, सांगते, अशा अर्थाने.

"त्या दिवशी सकाळी मी खोका ओढायला वाकले होते. हात लावला होता. तेवढ्यात तुझी किल्ली वाजली. वाजतेय आपली, वाजतेय. मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं तिने कुलूप बदललंय. मग मी हात काढून घेतला आणि बसले."

"पोटची पोर आहे तुमची."

"पोटची आहे म्हणून पोटात घालू? दारात पेटी घेऊन आली तेव्हा तू एका शब्दाने विचारलं नव्हतंस तिला. मी बघत होते की."

"मला सांगायचं तरी होतंत. मी तुम्हाला काय काय बोलले मनात."

"बोल की. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडात तीळ भिजला असता का?" म्हातारीचे डोळे चमकले. "तसं परवा बरं जमलं तुला. 'वहिनी म्हणाली धुकं वाढवा,' म्हणून धावत आली आणि दोन फवारे जास्तीचे लावले. मी म्हटलं, शिकली सून माझी." आणि ती हसायला गेली, पण हसणं अर्ध्यातच मोडलं आणि खोकला सुरू झाला. यावेळी बोट वर झालं नाही.

ते दोन फवारे खरं तर धुकेबाईनेच लावले होते. वन्संच्या नरड्यासाठी लावले होते आणि ते भलत्याच नरड्यात गेले होते.

"उठा," ती म्हणाली.

"उठले तर दिसेल."

"दिसू दे."

"इतके दिवस बसले ते काय उठण्यासाठी? अजून थोडं, भाडं थकलं की मालकच तिला काढतो. तू जा."

"मला ही खोली गुदमरलेली बघायची होती, आई. तुम्ही नाही. उठा म्हणते ना!"

तिने सासूच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. वजन असं काही नव्हतंच. मग पाय आपल्या आपण गेला आणि खोका अलीकडे आला, चप्पल काढावी इतक्या सहज. जाळी काळी पडली होती. दोरा भिजून तिला चिकटला होता. काही क्षण काही झालं नाही. मग दोऱ्याचं टोक सुटलं, थरथरलं आणि गल्लीकडे झुकलं. जमिनीवरचं धुकं त्या दिशेला वळू लागलं, पाणी मोरीकडे वळावं तसं.

"वहिनी?"

वन्सं दारात उभ्या होत्या. टोपली बाजारात नेली तशीच, भरलेली. त्यांची नजर धुक्याबरोबर खाली गेली आणि जाळीवर थांबली.

"ही कधीची?"

"खोलीइतकीच जुनी."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस," धुकेबाई म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून वयाने लहान असलेल्या या नणंदेला तिने कधी एकेरी हाक मारली नव्हती. तो एक शब्द खोलीत पडला आणि तिघींनीही तो ऐकला. "तू कुलूप बदललंस."

"आणि वर धुकं वाढवायला सांगितलंस! आई इथं खोकत होती, आणि तू..." वन्संचा आवाज फाटला. हे एवढं खरं होतं. "बघ आई, बघून घे ही कशी आहे ते. तुला जर माहीत असतं तर तू मला..."

वाक्य तिथेच थांबलं. वन्संनी खोक्याकडे पाहिलं. मग आईकडे.

"मी कशावर बसत होते गं इतके दिवस?" सासू म्हणाली.

वन्संचा तो चेहरा धुकेबाईने स्वयंपाकघरात भांडी घासताना किती प्रकारे रंगवला होता. रडताना, पाया पडताना, चिडून पिशव्या फोडताना. प्रत्यक्षात त्यातलं काही झालं नाही. गर्दीत हात सुटलेल्या मुलीसारख्या वन्सं नुसत्या उभ्या राहिल्या, कुणाकडे बघावं ते न कळून. धुकेबाईने तो चेहरा पोटभर पाहून घेतला. तिला तो आवडला, खोटं कशाला बोला. वाटला होता तेवढा नाही आवडला, पण आवडला.

"खोका घे," सासू धुकेबाईला म्हणाली. "घरी बसायला लागेल मला."

एका हाताने खोका आणि एका हाताने म्हातारी सांभाळत ती निघाली. दाराशी सासू थांबली. मागे वळली नाही, पण म्हणाली, "संध्याकाळी जाळीपुढं काहीतरी लावत जा. घुशी येतात."

पुढे वन्संचा माल सुधारला. सुधारणारच होता. आचाऱ्याने ते घाबरत घाबरत सांगितलं, आता दोन्हीकडून घेतो म्हणाला, आणि धुकेबाईने खिडकीतल्या सुकलेल्या बगळ्याकडे बघत "घ्या की" म्हटलं. बगळा तिने अजून टाकला नव्हता. टाकायचा विचारही नव्हता.

"आणि त्यांनी विचारलंय," आचारी सासूकडे बघून म्हणाला, "आई कधी येते म्हणून. खुर्ची घेतलीय म्हणे, गादीची."

सासू जाळीपासून हातभर अलीकडे खोक्यावर बसून बुडखे कापत होती. खोकला अजून पुरता गेला नव्हता, पण आता तो तिला मध्ये मध्ये बोलू द्यायचा. तिने सुरी मांडीवर ठेवली. पाठीमागचा दोरा बाहेर झुकलेला होता.

"सांगा तिला, खोका मी इकडे आणलाय."

"हा काय निरोप झाला, आजी?"

"कळेल तिला," धुकेबाई म्हणाली, आणि फवारे बंद करायला उठली. दार चौकटीला धरायला लागलं होतं.